साध्य, असाध्य आणि एका जनुकाच्या प्रती

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील इतिहास विभागाच्या एक सहकारी एक तपासणी-अहवाल घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. मराठी शिकवणाऱ्यांना कोणताही कागद वाचता येतो, असा त्यांचा समज होता; काही अंशी तो आमचाही होता. स्तनातील गाठीची बायॉप्सी झाली होती. अहवालाच्या तळाशी 'हर-टू : ३ अधिक, पॉझिटिव्ह' अशी एक ओळ होती. त्या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे बरंच म्हणायचं ना?"

आम्ही दोघी गप्प राहिलो. आमच्यापैकी एकीची मावशी याच रोगाने गेलेली. तिच्या वेळच्या कागदांत अशी ओळच नव्हती. दुसरीने कुठेतरी वाचले होते, की ही ओळ वाईट असते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना जे सांगितले ते या दोन्हींपेक्षा निराळे होते. ते म्हणाले, "वीसेक वर्षांपूर्वी हे मी तुम्हांला दबक्या आवाजात सांगितलं असतं. आता यावर औषध आहे."

एकाच ओळीचा अर्थ वीस वर्षांत उलटा कसा होतो? साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. जुन्या संहितांचे अर्थ काळानुसार पालटतात हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. परंतु इथे संहिता एका बाईच्या शरीरातील गाठीची होती. म्हणून त्या ओळीचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचत गेलो. आम्ही वैद्यकाच्या अभ्यासक नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आरंभी एका शब्दाविषयी. रोग पुढे कसा वागेल, रोगी किती काळ जगेल, याविषयीच्या अंदाजाला पाश्चात्त्य वैद्यकात 'प्रॉग्नॉसिस' म्हणतात. मराठीत आपण 'भाकीत' म्हणून मोकळे होतो, आणि मग त्याला ज्योतिषाचा वास येतो. आयुर्वेदाकडे याहून नेमका शब्द आहे : साध्यासाध्यविचार. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे साध्य आणि असाध्य असे दोन भाग केले आहेत, आणि प्रत्येकाचे पुन्हा दोन. साध्यांत सुखसाध्य आणि कष्टसाध्य. असाध्यांत याप्य आणि ज्यावर उपायच नाही असा. यांतला 'याप्य' आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. उपचार चालू आहेत तोवर रोगी तग धरतो, असा तो रोग. सुश्रुताने त्यासाठी कोसळू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूची उपमा वापरली आहे. याच विचाराची दुसरी बाजूही चरकात आहे : असाध्य रोगाला हात घालणाऱ्या वैद्याचे धन, विद्या आणि यश जाते. म्हणजे भाकीत जितके रोग्यासाठी तितकेच वैद्याच्या अब्रूसाठीही होते. हे चार कप्पे लक्षात असू द्यावेत, कारण आमच्या कथेतील जनुक त्यांपैकी तीन तरी कप्प्यांतून फिरून आले आहे.

स्तनाच्या कर्करोगाचे भाकीत विसाव्या शतकाचा बहुतेक काळ डोळ्यांना आणि बोटांना जे कळे त्यावर चाले. गाठ केवढी, काखेतील लसिकाग्रंथींत ती पोचली आहे का, पोचली असल्यास किती ग्रंथींत. बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॅलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकदमच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि पाऊणशे वर्षे तीच चालली. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये बीजांडकोश काढल्यावर काही स्त्रियांच्या गाठी आक्रसतात असे दाखवले. पुढे शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी गाठीतील इस्ट्रोजेनचे ग्राहक-प्रथिन ओळखले, तेव्हा त्याचा उलगडा झाला. तेव्हापासून संप्रेरकाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या अशा दोन जातींच्या गाठी मानल्या जाऊ लागल्या. तरीही एक कोडे उरलेच होते. दोघींची गाठ सारख्या आकाराची, दोघींच्या ग्रंथी सारख्याच बाधित, आणि एक पंधरा वर्षे जगते तर दुसरी दोन वर्षांत जाते. असे का?

याचे एक उत्तर कोंबड्यांच्या मार्गाने आले. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये कोंबडीतील एक कर्करोग विषाणूमुळे होतो असे दाखवले होते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने सिद्ध केले, की त्या विषाणूतील कर्क घडवणारे जनुक मुळात विषाणूचे नव्हेच. निरोगी कोंबडीच्या पेशीतील एक सरळमार्गी जनुक त्याने उचलून नेले होते. म्हणजे कर्काचे बीज बाहेरून येत नाही, ते घरातच असते आणि एरवी उपयोगाचे काम करत असते. अशा जनुकांना ऑन्कोजीन म्हणू लागले. आम्ही त्यांना कर्कजनुक म्हणू. या शोधाला १९८९ चे नोबेल मिळाले आणि मधल्या काळात जगभरच्या प्रयोगशाळा नवनवी कर्कजनुके शोधण्याच्या मागे लागल्या.

त्यांतलीच एक प्रयोगशाळा अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉबर्ट वाइनबर्ग यांची होती. तेथे मुंबईहून गेलेले लक्ष्मीचरण पाढी हे संशोधक काम करत होते. उंदराच्या मज्जापेशींच्या एका अर्बुदातील डीएनए त्यांनी दुसऱ्या पेशींत घातला. त्या पेशी बेबंद वाढू लागल्या. त्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन दिसत होते, आणि प्राण्याच्या रक्तातील प्रतिपिंडे ते ओळखत होती. १९८२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मूळ अर्बुदाचे नाव न्यूरोब्लास्टोमा, म्हणून जनुकाचे नाव 'न्यू' पडले. एक महत्त्वाची गोष्ट त्यात दडलेली होती. तोवर सापडलेल्या बहुतेक कर्कजनुकांची प्रथिने पेशीच्या आत काम करत. हे मात्र पेशीच्या अंगावर, दारावरच्या कडीसारखे बाहेर होते. बाहेर आहे म्हणजे औषधाचा हात तेथे पोचू शकतो. जेफ्री ड्रेबिन आणि मार्क ग्रीन यांनी १९८५ मध्ये त्या प्रथिनावर प्रतिपिंड सोडले तेव्हा बेबंद पेशी पुन्हा शिस्तीत वागू लागल्याचे दिसलेही. परंतु हे सारे उंदरात चालले होते. स्तनाच्या गाठीशी याचा काही संबंध असेल, असे त्या खोलीत कोणाच्या मनात आले नाही. इतिहासात अशा जागा भेटतात. पुढचे माहीत असलेल्या वाचकाला तेथे ओरडून सांगावेसे वाटते.

हेच जनुक मग माणसात, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या नावांनी सापडले. जपानी संशोधकांनी त्याला 'सी-अर्ब-बी-टू' म्हटले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या जेनेन्टेक कंपनीत अ‍ॅक्सेल उलरिश या जर्मन संशोधकाच्या गटाने १९८५ मध्ये ते वेगळे काढले आणि पेशीच्या वाढीच्या संदेशाचा ग्राहक म्हणून त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेतली. त्यांचा उच्चार 'हर' होतो. इंग्रजीत तो 'तिचा' या अर्थाचा शब्द आहे हा निव्वळ योगायोग, पण पत्रकार रॉबर्ट बेझेल यांनी पुढे आपल्या पुस्तकाचे नाव त्यावरूनच ठेवले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टुअर्ट अ‍ॅरनसन यांच्या गटाला एका स्तनाच्या गाठीत या जनुकाच्या नेहमीपेक्षा अधिक प्रती आढळल्या. एकाच गाठीत. एका दाखल्यावर इतिहास लिहू नये असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. पण धागा तेथेच सापडला होता.

या 'अधिक प्रतीं'पाशी थोडे थांबायला हवे, कारण पोथ्यांशी संबंध आलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळते. उंदरातील 'न्यू' जनुकात नेमका काय बिघाड होता, ते वाइनबर्ग यांच्याच प्रयोगशाळेत कोरी बार्गमन यांनी १९८६ मध्ये शोधले : एवढ्या लांब संहितेत एकच अक्षर बदलले होते. आपण ज्याला पाठभेद म्हणतो तो. स्त्रियांच्या गाठींत मात्र हा पाठभेद सापडेना. तेथे संहिता बहुधा शुद्ध होती. लेखनिक थांबायचे विसरला होता. निरोगी पेशीत सतराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या जोडीवर या जनुकाची एकेक, अशा दोन प्रती असतात. गाठीत त्या दहा, वीस, त्याहूनही जास्त होतात. जितक्या प्रती तितके ग्राहक पेशीच्या अंगावर, आणि 'वाढ' हा संदेश अखंड आत जात राहतो. याला जनुकाचे प्रवर्धन म्हणतात. एखाद्या खऱ्याच वाक्याची इतक्या वेळा पुनरुक्ती व्हावी की बाकी काही ऐकूच येऊ नये, तसे हे आहे.

उलरिश यांच्याकडे जनुक होते, गाठी नव्हत्या. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉक्टर डेनिस स्लेमन यांच्याकडे गाठी होत्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या नाना प्रकारच्या गाठींचे तुकडे ते शीतपेटीत जपून ठेवत; कशासाठी, हे तेव्हा त्यांनाही नेमके सांगता आले नसते. उलरिश एकदा त्या विद्यापीठात व्याख्यानाला गेले आणि दोघांचे ठरले, की जनुक तुम्ही द्या, गाठी मी तपासतो. स्लेमन यांच्या तपासणीत स्तनाच्या काही गाठींतून ठसे उमटले. गाठीतील डीएनए कापून जेलवर पसरायचा, त्यावर किरणोत्सर्गी खूण लावलेले जनुक चिकटवायचे आणि क्ष-किरणांच्या फिल्मवर पट्टा किती काळा येतो ते पाहायचे, अशी ती पद्धत. पट्टा जितका गडद तितक्या प्रती जास्त.

पहिल्या १०३ गाठींपैकी १९ गाठींत प्रवर्धन आढळले. ज्यांच्या काखेतील ग्रंथी अधिक बाधित होत्या त्यांच्यात ते जास्त दिसले. पण या स्त्रियांचे पुढे काय झाले याची पुरेशी नोंद हाती नव्हती. आता एका तिसऱ्या माणसाचा प्रवेश होतो, ज्याचे नाव या कथेत नेहमी घाईने घेतले जाते. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे विल्यम मॅग्वायर यांनी गाठींची एक पेढीच उभी केली होती, आणि तिचे वैशिष्ट्य गोठवलेल्या तुकड्यांपेक्षा त्यांच्या शेजारच्या वह्यांत होते : कोणाला रोग पुन्हा कधी झाला, कोण किती महिने जगले. तेथील ८६ गाठी स्लेमन यांनी तपासल्या. या साऱ्या स्त्रियांच्या ग्रंथी बाधित होत्या. ३४ गाठींत प्रवर्धन मिळाले.

मराठी इतिहासलेखनाची ज्यांना थोडी ओळख आहे त्यांना येथे वि. का. राजवाडे आठवतील. कोणाच्या माळ्यावर पडलेले रुमाल गोळा करत गावोगाव हिंडण्यावाचून इतिहास लिहिता येत नाही, हा त्यांचा धडा प्रयोगशाळेलाही लागू पडतो. प्रतिभेचे श्रेय उलरिश आणि स्लेमन यांना द्यावेच, पण मॅग्वायर यांचे दफ्तर नसते तर काळे पट्टे केवळ काळे पट्टे राहिले असते.

'सायन्स' नियतकालिकाच्या ९ जानेवारी १९८७ च्या अंकात हा निबंध आला. एकूण १८९ गाठी. सुमारे ३० टक्क्यांत जनुकाच्या दुपटीपासून विसपटीहून अधिक प्रती. ज्यांच्यात प्रवर्धन होते त्यांचा रोग लवकर उलटला आणि त्या कमी काळ जगल्या. गाठीचा आकार, संप्रेरक-ग्राहक अशा इतर गोष्टींचा हिशेब वजा केला तरी हा संबंध टिकत होता. ग्रंथी बाधित असलेल्या स्त्रियांत तर तेव्हाच्या बहुतेक प्रचलित खुणांपेक्षा ही खूण अधिक बोलकी ठरली. 'पंधरा वर्षे जगणारी आणि दोन वर्षांत जाणारी' या कोड्याच्या उत्तराचा एक तुकडा सापडला होता.

सर्वांनी तो लगेच मान्य केला असे मात्र झाले नाही. दुसऱ्या काही गटांनी आपापल्या गाठी तपासल्या आणि असा काही संबंध नाही असे जाहीर केले. कोणाच्या गाठी मोजक्या होत्या, कोणी स्त्रियांचा पाठपुरावा थोडाच काळ केला होता, कोणाच्या नमुन्यात गाठीच्या पेशींत निरोगी पेशी इतक्या मिसळल्या होत्या की जादा प्रती झाकून जाव्यात. शिवाय जुन्या गाठी मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेल्या असतात, आणि त्या प्रक्रियेत प्रथिनाची ओळख पुसट होते. १९९४ मध्ये मायकेल प्रेस आणि सहकाऱ्यांनी २८ वेगवेगळी प्रतिपिंडे घेऊन तेच ते नमुने तपासले, तेव्हा प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. काहींना बहुतेक गाठी दिसल्या, काहींना जवळपास काहीच नाही. म्हणजे वादातील बराच भाग गाठींचा नव्हता, चष्म्यांचा होता. आमच्या क्षेत्रातील किती वाद असेच असतील, हा विचार येथे मनात आल्याशिवाय राहत नाही. असो.

परंतु या इतिहासातील आम्हांला सर्वांत अस्वस्थ करणारा काळ या वादाचा नाही. १९८७ ते १९९८ ही अकरा वर्षे आम्हांला तशी वाटतात. खूण कळली होती, उपाय नव्हता. एखाद्या स्त्रीला तेव्हा आपल्या गाठीतील प्रतींचा आकडा कळला असता तर तिने त्याचे काय करायचे होते? तिला एवढेच समजले असते, की तिच्याइतक्याच आजारी असलेल्या शेजारच्या खाटेवरील बाईपेक्षा तिला वेळ कमी आहे. भाकीत अचूक होते. आणि चरकाच्या चौथ्या कप्प्याइतकेच कोरडे होते. ज्ञानाची प्रगती म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यात अशी मधली वर्षे असतात, आणि ती कोणाच्या तरी आयुष्यातील शेवटची असतात. मावशी याच वर्षांत, १९९६ मध्ये, गेली.

दरम्यान जेनेन्टेकमध्ये उंदराच्या पेशींत बनवलेले, हर-टू ग्राहकाला नेमके जाऊन चिकटणारे एक प्रतिपिंड तयार होते. मूळचे उंदराचे प्रथिन माणसाचे शरीर परके म्हणून नाकारते. पॉल कार्टर आणि सहकाऱ्यांनी त्याचा चिकटणारा भाग तेवढा ठेवून बाकीचा सांगाडा मानवी केला. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचेच पुढे ट्रास्टुझुमॅब, बाजारातील नाव हर्सेप्टिन. कंपनीचा उत्साह मधल्या काळात ओसरला होता, कारण कर्करोगावरच्या औषधांत अनेकांचे पैसे बुडाले होते. स्लेमन चिकाटीने पाठपुरावा करत राहिले. लिली टार्टिकॉफ यांनी त्यांच्या संशोधनासाठी रेव्लॉन या प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीकडून निधी मिळवला. लिलींच्या पतीवर स्लेमन यांनी उपचार केले होते. लिपस्टिकच्या नफ्यातून कर्करोगाचे औषध, ही गोष्ट कादंबरीत आली असती तर समीक्षकांनी तिला बटबटीत प्रतीक म्हटले असते.

ज्या स्त्रिया वाट पाहत होत्या त्या गप्प बसल्या नव्हत्या. मार्टी नेल्सन या कॅलिफोर्नियातील स्त्रीरोगतज्ज्ञ स्वतः स्तनाच्या कर्करोगाने आजारी होत्या. प्रयोगावस्थेतील हे औषध मिळावे म्हणून त्यांनी व त्यांच्या मित्रमंडळींनी प्रयत्न केले. ते मिळाले नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये त्या वारल्या. डिसेंबरात त्यांच्या मैत्रिणी आणि कार्यकर्त्या मोटारींची अंत्ययात्रा घेऊन जेनेन्टेकच्या आवारात शिरल्या. त्यानंतर कंपनीला अशा गटांशी बोलणे भाग पडले. चाचणीबाहेरच्या काही स्त्रियांनाही औषध देण्याची, अर्थात चिठ्ठ्या टाकून, व्यवस्था झाली.

चाचणी ४६९ स्त्रियांवर झाली. साऱ्यांचा रोग शरीरात पसरलेला होता आणि साऱ्यांच्या गाठींत हे प्रथिन प्रमाणाबाहेर होते. नुसत्या केमोथेरपीवर मध्यमान आयुष्य २०.३ महिने भरले. सोबत ट्रास्टुझुमॅब दिल्यावर २५.१. जेमतेम पाच महिन्यांचा फरक. शिवाय पहिल्या गटातील बहुसंख्य स्त्रियांनाही रोग बळावल्यावर ते औषध मिळाले होते, म्हणजे खरा फरक याहून मोठा असावा. एक धोकाही उघड झाला : अँथ्रासायक्लिन वर्गातील औषधासोबत दिल्यावर २७ टक्के स्त्रियांच्या हृदयावर परिणाम झाला, नुसत्या त्या औषधाने तो ८ टक्क्यांत होत होता. २५ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली आणि त्याच दिवशी प्रथिन मोजण्याच्या तपासणीलाही. आमच्या सहकाऱ्यांच्या अहवालातील '३ अधिक' ही श्रेणी त्याच तपासणीची. शून्य, एक, दोन, तीन. दोनपाशी अडले तर गुणसूत्रांवर लाल-हिरवे ठिपके उमटवून प्रत्यक्ष प्रती मोजायच्या.

पाच महिन्यांनी असाध्याचे याप्य झाले होते. टेकू लागला होता. खरी उलथापालथ २००५ मध्ये झाली. रोग पसरण्याआधी, शस्त्रक्रियेनंतर लगेच वर्षभर हेच औषध दिले तर तो परतण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो, असे युरोपीय आणि अमेरिकी चाचण्यांनी एकाच वर्षी दाखवले. युरोपीय चाचणीतील घट ४६ टक्के होती, अमेरिकी चाचण्यांतील ५२.

पण आम्हांला सर्वांत बोलका वाटला तो ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातून २०१० मध्ये आलेला एक साधा हिशेब. रोग पसरलेल्या २,०९१ स्त्रियांच्या नोंदी. ज्यांच्यात हर-टू वाढलेले नव्हते, त्यांच्यापैकी ७५.१ टक्के वर्षभरानंतर हयात होत्या. हर-टू वाढलेले आणि औषध न मिळालेल्या, ७०.२ टक्के. हर-टू वाढलेले आणि औषध मिळालेल्या, ८६.६ टक्के. १९८७ मधील निबंधाचे निष्कर्ष यातल्या दुसऱ्या आकड्यात तसेच्या तसे उभे आहेत. तिसरा आकडा त्यांना उलटे करून टाकतो. जनुक तेच, प्रती तितक्याच. साध्यासाध्यता गाठीत नुसती लिहिलेली नसते, ती कोणत्या साली आणि कोणाच्या हाती औषध असताना वाचली जाते यावर ठरते, हे आम्हांला या तीन आकड्यांनी पटवले.

'कोणाच्या हाती' हा प्रश्न आपल्याकडे रुपयांत विचारावा लागतो. हे औषध तीन-तीन आठवड्यांनी वर्षभर घ्यायचे. भारतात आरंभी ४४० मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत लाखाच्या पुढे होती. २०१२ मध्ये रोश कंपनीने पुण्याच्या एमक्युअरशी करार करून तेच औषध 'हर्क्लॉन' या नावाने काहीसे स्वस्त, तरी पाऊण लाखाच्या आसपास, आणले. त्याच वर्षी स्त्री-चळवळीतील व आरोग्य-चळवळीतील कार्यकर्त्यांनी परवडणाऱ्या ट्रास्टुझुमॅबसाठी मोहीम उभारली. केंद्र सरकार सक्तीच्या परवान्याचा विचार करत असतानाच, ऑगस्ट २०१३ मध्ये रोशने येथील पेटंट सोडून दिले. २०१४ च्या आरंभी बंगळुरूच्या बायोकॉनचे समरूप औषध आले : ४४० मिलिग्रॅमला ५७,५०० रुपये, १५० मिलिग्रॅमला १९,५००. त्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात लढाई झाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, आपल्या राष्ट्रीय यादीतही ते त्याच वर्षी आले. नंतर इतर कंपन्याही उतरल्या आणि किमती आणखी खाली आल्या. महाविद्यालयीन प्राध्यापकाला पगार आणि वैद्यकीय प्रतिपूर्ती असते. आमच्या महाविद्यालयातील झाडलोट करणाऱ्या, कंत्राटावरच्या बाईंना यातले काही नाही. ह्यूस्टनचा दुसरा आणि तिसरा आकडा एकाच आवारात शेजारी-शेजारी असू शकतात.

आणि ती श्रेणीही आता पक्की राहिलेली नाही. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅबलाच जहाल औषधाचे रेणू जोडून केलेल्या एका नव्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. ती ५५७ रुग्णांवर झाली, आणि हे सारे जण जुन्या व्याख्येप्रमाणे 'निगेटिव्ह' होते; त्यांच्या गाठींवर प्रथिन थोडेसेच होते, जनुकाचे प्रवर्धन नव्हते. तरीही औषध लागू पडले : संपूर्ण गटाचे मध्यमान आयुष्य १६.८ महिन्यांवरून २३.४ वर गेले. तेव्हापासून 'हर-टू लो' असा तिसरा कप्पा निघाला. ज्या अहवालांत १ अधिक लिहून कोणी दुसऱ्यांदा पाहत नसे, ते आता पुन्हा काढून वाचले जातात.

आमच्या सहकाऱ्यांची अठरा इंजेक्शने पूर्ण झाली. दर तीन महिन्यांनी हृदयाची इको तपासणी होई, तिच्या तारखा त्यांनी वेळापत्रकाच्या कागदावरच मांडल्या होत्या. एकही व्याख्यान चुकले नाही, असे त्या सांगतात. ते तितकेसे खरे नाही, त्यांचे मराठेशाहीचे तास आम्हीच घेतले होते.

हा लेख लिहिताना मावशीची फाइल काढली. शहरातील ज्या रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली तेथे, गाठीचा मेणाचा ठोकळा अजून असेल का, अशी चौकशी केली. इतकी जुनी सामग्री ठेवत नाहीत, असे तेथील गृहस्थांनी सौजन्याने सांगितले. फाइलमध्ये टंकलिखित दोन पाने आहेत. गाठ ४ सेंटिमीटर. काखेतील ११ ग्रंथींपैकी ३ बाधित. खाली सही आणि शिक्का. मधे दोन बोटे जागा कोरी आहे.